एप्रिलमधले बर्फाचे ट्रेक: ऊन वाढलं की हिमस्खलनाचा धोका कमी होतो की वाढतो?

मेधा_नौपाडा | ११ मार्च, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. माझी लेक (१९ वर्षांची) आणि माझा धाकटा भाऊ एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात हिमाचलमध्ये एका पासच्या (उंच खिंडीच्या) ट्रेकला जाणारेत. ठाण्यातलाच ग्रुप आहे, नाव लिहीत नाही. काल घंटाळीला त्यांची मीटिंग होती, मीही गेले होते. लीडर मुलगा चांगला वाटला, समजावून सांगत होता, पण मी हिमस्खलनाचं विचारलं तर म्हणाला, काकू ते जानेवारी-फेब्रुवारीत, खूप बर्फ पडतो तेव्हा. एप्रिलमध्ये मस्त ऊन असतं, बर्फ बसलेला असतो, काळजी नको.

ऐकताना पटलं. घरी आल्यावर भांडी आवरता आवरता आठवलं की सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर २०२३ मध्ये सात पर्यटक हिमस्खलनात दगावले ते एप्रिलमध्येच की, ४ एप्रिलला. आमच्या मजल्यावरचे शेजारी त्याच आठवड्यात गंगटोकला होते म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. मग बसलेला बर्फ म्हणजे नक्की काय, आणि तो बसलेला असेल तर उठतो कसा?

मला तिला अडवायचं नाहीये, पैसे भरलेत, वर्षभर येऊरला पळायला जाते बिचारी. फक्त काय विचारायचं ते कळलं पाहिजे. इथे हिमालयात जाणारे बरेच आहेत, प्लीज नीट सांगा.


ऐरोलीचा_भटक्या | ११ मार्च, रात्री ११:४०

मेधाताई, तुमची शंका बरोबर आहे आणि लीडरचं उत्तर अर्धंच बरोबर आहे. मी मनालीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलाय, नंतर चौदा वर्षं दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे जातोय, त्यातून जे कळलंय ते लिहितो.

हिवाळ्यात धोका असतो तो वजनाचा. जुन्या थरावर नवीन बर्फ पडतो, वारा तो एका बाजूला आणून रचतो, खालचा थर कच्चा असेल तर वरची लादीच्या लादी सुटते. २०२५ मध्ये २८ फेब्रुवारीला बद्रीनाथजवळ माणा इथे बीआरओच्या (सीमेवरचे रस्ते बांधणारी सरकारी संस्था) कॅम्पवर कोसळलं, ५४ कामगार अडकले आणि ८ गेले, ते असंच मोठ्या हिमवृष्टीत झालं. लीडर म्हणतोय तो हा प्रकार, आणि एप्रिलपर्यंत तो कमी होतो हे खरं आहे.

पण एप्रिलमध्ये दुसरा धोका चालू होतो, पाण्याचा. तुमच्याकडे जुना, डीफ्रॉस्ट करावा लागणारा फ्रीज होता का? बटण बंद केलं की पहिला बराच वेळ काहीच होत नाही, फ्रीझरच्या भिंतीला बर्फ तसाच घट्ट, ओढला तरी निघत नाही. मग भिंत आणि बर्फ यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि अख्खा पापुद्रा एकदम धप्पकन ट्रेमध्ये येतो. डोंगरावर तेच होतं. दिवसभराच्या उन्हाने वरचा बर्फ वितळतो, ते पाणी वाहून जात नाही, आत मुरतं, कणाकणांमधले सांधे सुटत जातात, आणि खाली एखादा कडक थर किंवा गुळगुळीत खडक किंवा झोपलेलं गवत लागलं की पाणी तिथे साचतं. वरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही.

आता "बसलेला" बर्फ. एप्रिलमध्ये रात्री आकाश मोकळं असेल तर बर्फ आपली उष्णता आकाशात सोडून देतो आणि वरचा थर गोठून दगड होतो, त्यावरून पहाटे चालताना बूट फक्त करकर वाजतात. हा थर खालच्या ओल्या बर्फाला धरून ठेवतो. म्हणजे पहाटे चारला तो उतार आणि दुपारी बाराला तो उतार हे दोन वेगळे डोंगर आहेत. आणि रात्री ढग असतील तर गोठणं होतच नाही, ढग गोधडीसारखं काम करतात. दोनतीन रात्री लागोपाठ अशा गेल्या, किंवा वर पाऊस पडला, तर पहाटेचा भरवसाही गेला.

तेव्हा महिना कुठला यापेक्षा घड्याळात किती वाजलेत आणि काल रात्री आकाश कसं होतं, हे विचारा. नथुलाची घटनासुद्धा दुपारच्या सुमारालाच घडली. आणि परवाना तेराव्या मैलापर्यंतचा असताना लोक पंधराव्या मैलापर्यंत गेले होते.


घोडबंदर_१७ | १२ मार्च, सकाळी ७:१५

वाचतोय. फ्रीझरचं उदाहरण लगेच कळलं. मी आत्तापर्यंत उलटंच समजत होतो, की ऊन म्हणजे सेफ.


पांडवकडा | १२ मार्च, सकाळी ९:०३

मेधाताईंना उगाच घाबरवू नये असं मनापासून वाटतं. मी खारघरहून पाच वेळा गेलोय, तीन वेळा मे महिन्यात बायको आणि मुलगा बरोबर होते, कधीच काही झालेलं नाही. हे नेहमीचे रूट आहेत, सीझनला हजारो लोक जातात, लहान मुलं जातात. धोका कुठे नाही, रोज पाम बीच रोडवरून बाईक चालवतो तिथेही आहे. मुलांनी बाहेर पडलं पाहिजे. हिमस्खलनाचं वाचून कोणी जाणंच रद्द केलं तर वाईट वाटेल.


ऐरोलीचा_भटक्या | १२ मार्च, सकाळी १०:२०

पांडवकडा, जाऊ नका असं मी म्हणतच नाहीये, मी स्वतः मे महिन्यात जाणारच आहे. पण पाच वेळा काही झालं नाही यावरून उतार सुरक्षित होता हे ठरत नाही, तो तेव्हा सुटला नाही एवढंच ठरतं. पास क्रॉस करायच्या दिवशी तुम्हाला रात्री किती वाजता उठवलं होतं ते आठवून सांगा बरं.


पांडवकडा | १२ मार्च, सकाळी १०:४४

दोन वाजता. तीनला निघालो होतो. मला वाटायचं पुढे चाल जास्त आहे म्हणून. दहाच्या आत पलीकडे उतरलो होतो तिन्ही वेळा. हा मुद्दा खरंच लक्षात आला नव्हता.


सीवूड्सची_अनघा | १२ मार्च, दुपारी ३:३०

रोज वाचते, लिहिते क्वचित, पण हा धागा बघून राहवलं नाही. मोठं होईल.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट, मे महिन्याचा पहिला आठवडा, पार्वती खोऱ्यातला एक पास. आम्ही बावीस जण होतो, नवी मुंबईतलाच एक ग्रुप. ठरलं होतं तीन वाजता निघायचं. आदल्या संध्याकाळपासून आकाश भरलेलं, रात्री तंबूत मला चक्क उकडत होतं, स्लीपिंग बॅगची चेन उघडून झोपले आणि बरं वाटलं की आज थंडी कमी आहे. आज ते आठवलं तरी पोटात गोळा येतो. थंडी कमी म्हणजे बर्फ गोठला नाही, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

पहाटे दोघांची पोटं बिघडलेली, एकीचा बूट सापडेना, मग नाश्ता होऊनच निघू असं ठरलं, असं करत करत निघायला पावणेसहा झाले. आमचा स्थानिक गाईड, तिकडच्याच गावातला, चाळिशीचा माणूस, तंबूबाहेर उभा राहून सारखा वर धारेकडे बघत होता. दोनदा म्हणाला, साहब आज रहने दो, कल चलेंगे. लीडरने सांगितलं की परतीची रिझर्व्हेशन्स आहेत, एक दिवससुद्धा जास्तीचा नाही.

साडेआठपर्यंत ठीक होतं. मग बर्फ बदलायला लागला. आधी घोटा आत जायला लागला, मग पोटरी, आणि दहानंतर पाय गुडघ्यापर्यंत जायचा आणि आतून फस्स आवाज यायचा. मी मूठभर उचलून बघितला, रात्रभर भिजवलेल्या साबुदाण्यासारखा दाणा दाणा सुटा, दाबला की हातातून पाणी गळत होतं. डावीकडच्या उतारावर खडकांखालून छोटे छोटे गोळे सुटत होते, लिंबाएवढे सुरू व्हायचे आणि खाली येईपर्यंत कलिंगडाएवढे व्हायचे, मागे रेघ ओढत. आम्ही त्याचे व्हिडिओ काढत होतो. पोरं ओरडत होती, तो बघ, तो बघ. नंतर कोर्स केलेल्या एकाने सांगितलं की हेच डोंगराचं सांगणं असतं, गोळे दिसायला लागले की त्या उताराखाली थांबायचं नाही.

पासच्या अलीकडे एक रुंद नाळ (उतारावरून खाली येणारी घळ) आडवी ओलांडायची होती. सगळे दमलेले, नाळेच्या बरोबर मध्यावर सपाट जागा होती तिथे आम्ही सॅक टाकून बसलो, चिक्की काढली. गाईड मागून आला आणि जो ओरडला, तसा तो आठ दिवसांत एकदाही ओरडला नव्हता. बैठो मत, यहाँ बैठो मत, एक एक निकलो. माझा हात धरून अक्षरशः ओढलं त्याने. आम्ही पलीकडच्या खडकावर पोचलो, शेवटचे दोघे यायचे होते, आणि शेजारची नाळ आली. आमची नाही, शेजारची. मला वाटायचं मोठा स्फोटासारखा आवाज होईल. तसं नाही. कल्याणहून येणारी मालगाडी लांबून येते ना, तसा घरघराट, आणि उतारच्या उतार पुढे सरकायला लागला, धूर नाही, पांढरे ढग नाहीत, कालवलेल्या सिमेंटसारखा मळकट, जड, सावकाश. पळून सुटता येईल असं वाटावं इतका सावकाश, पण वाटेतला घराएवढा धोंडा त्याने सहज उलटा केला. मिनिटभराने सगळं थांबलं आणि थांबल्या क्षणी घट्ट झालं. गाईडने आइस एक्स मारून दाखवली, टक्क वाजली.

शेवटचे दोघे सुखरूप आले. कोणालाही खरचटलंसुद्धा नाही. घरी मी हे दोन वर्षं सांगितलं नव्हतं.

मेधाताई, तुमच्या लीडरला एकच प्रश्न विचारायचा तर हा विचारा, जास्तीचा दिवस ठेवलाय का? तो नसेल तर बाकी सगळं माहीत असूनही माणूस पुढे ढकलला जातो. आमच्या गाईडला सगळं कळत होतं हो.


मेधा_नौपाडा | १२ मार्च, दुपारी ४:१०

अनघाताई, वाचून अंगावर काटा आला. सांगितलंत त्याबद्दल खूप आभार. जास्तीचा दिवस नाहीये, मी आत्ताच कागद बघितला.


नळीची_वाट | १२ मार्च, संध्याकाळी ६:४८

अनघाताईंनी नाळ लिहिलंय ते सह्याद्रीवाल्यांना लगेच कळेल. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत आपण काय शिकतो, वरचा माणूस हलला की दगड खाली येतो म्हणून रेषेत उभं राहायचं नाही, आडोसा बघायचा, विसावा नाळेत नाही, धारेवर. तिकडे दगडाच्या जागी बर्फ एवढाच फरक. आणि आपण दरडींच्या राज्यातली माणसं, माळीण पाहिलं, इर्शाळवाडी पाहिली, उतारात पाणी मुरलं की काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तरी बर्फ दिसला की आपण सगळं विसरतो, कारण तो सुंदर दिसतो.

भाषेचाही घोळ आहे. आपल्याकडे भुसभुशीत हिमालाही बर्फ म्हणतात आणि सरबतातल्या खड्यालाही बर्फच. तिकडचे लोक हिमस्खलनाला सरळ "ग्लेशियर आया" म्हणतात, आणि आपल्या बातम्यांत "हिमकडा कोसळला" येतं, मग वाचणाऱ्याला वाटतं हे हिमनदीवर होतं, आपण कुठे हिमनदीवर जाणार. साध्या कुरणाच्या उतारावरही होतं हे.


ऐरोलीचा_भटक्या | १२ मार्च, रात्री ९:३०

नळीची वाट, अगदी. उताराचंही लिहितो. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. आपल्या सोसायटीचा जिना साधारण तीसचा असतो, म्हणजे जिन्याएवढा किंवा जास्त उभा उतार दिसला की सावध. त्याहून फार उभ्यावर बर्फ साठतच नाही, आधीच गळून जातो. पण आपण सपाटीवर आहोत म्हणून निर्धास्त राहू नये, सुटतं वर आणि येतं खाली. ओला बर्फ तर त्याहून कमी उतारावरही सरकतो.

उन्हाची दिशा बघा. पूर्वेकडचे उतार सगळ्यात आधी तापतात, मग दक्षिणेकडचे, दुपारी पश्चिमेकडचे. उत्तरेकडे हिवाळा उशिरापर्यंत टिकतो, तिथे जुना कच्चा थर मे महिन्यातही लपलेला असू शकतो. चढायची बाजू पूर्वेकडे असेल तर दहा वाजता उशीर झालेला असतो. धारेवर वाऱ्याने बाहेर काढलेला बर्फाचा छज्जा असतो, कॉर्निस म्हणतात, तो उन्हाने तुटतो आणि खालचा अख्खा उतार घेऊन येतो. त्यावर फोटोसाठी उभं राहायचं नाही आणि त्याच्याखाली रेंगाळायचं नाही.

एक मात्र खरं, सगळं घड्याळावर नसतं. एव्हरेस्टला १८ एप्रिल २०१४ ला खुंबू आइसफॉलवर १६ नेपाळी कामगार गेले ते सकाळी सातच्या आत, तिथे वर लटकलेला हिमनदीचा सुळका तुटला होता. असा लटकता बर्फ असेल तिथून कुठल्याही वेळी भरभर निघायचं. आणि ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक मिळून २९ जण हिमस्खलनाखाली सापडले, त्यात अनुभवी माणसं होती. म्हणून मी कोणालाही पूर्ण खात्री देत नाही.


वाघबीळ_नाका | १३ मार्च, सकाळी ८:२२

ट्रेक सोडा, साध्या फॅमिली टूरवाल्यांसाठी लिहितो. आम्ही मागच्या एप्रिलअखेर आईबाबा आणि मुलांना घेऊन मनालीला गेलो होतो. खाली सगळीकडचा बर्फ गेलेला, ड्रायव्हर म्हणाला एका ठिकाणी भरपूर आहे, मुलं खेळतील. गेलो तर दोन डोंगरांच्या मधल्या ओढ्यात ढीगच्या ढीग, पण मळका, आणि त्यात देवदाराच्या मोडलेल्या फांद्या, दगड अडकलेले. शेजारी मॅगीची टपरी. मुलं तासभर घसरगुंडी खेळली. आज हा धागा वाचून डोक्यात आलं, आजूबाजूचा सगळा बर्फ वितळला आणि तिथेच का राहिला होता?


ऐरोलीचा_भटक्या | १३ मार्च, सकाळी ८:५५

कारण तो तिथे पडला नव्हता, वरून आला होता. एवढा दाबून भरलेला असतो की मे-जूनपर्यंत पुरतो. तुमची मुलं जुन्या हिमस्खलनाच्या ढिगावर खेळत होती, आणि जिथून एकदा आलं ती त्याची वहिवाट आहे. मोडक्या फांद्या, एका बाजूने फांद्या झडलेली झाडं, जंगलात वरपासून खालपर्यंत पडलेला मोकळा पट्टा, या सगळ्या त्याच खुणा. शिवाय खालून ओढा वाहत असतो, वर बर्फाचा नुसता पूल राहतो, दुपारी तो पातळ होतो. खेळायचंच तर नाळेच्या तोंडापासून लांब, सपाट कुरणावर, सकाळी.


वाघबीळ_नाका | १३ मार्च, सकाळी ९:०१

बायकोला वाचायला दिलं. ती काहीच बोलली नाही बराच वेळ.


बेलापूर_डॉक | १३ मार्च, रात्री १०:१५

डॉक्टर म्हणून एवढंच. पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते, पस्तीस मिनिटांनी ती तीस टक्क्यांच्या आसपास येते. थंडीने नंतर जातात, आधी श्वास कोंडून जातात. म्हणजे खालच्या गावातून किंवा हेलिकॉप्टरने मदत येईपर्यंत वेळ संपलेली असते, काढणार ते बरोबरचेच. ओल्या बर्फात अजून कठीण, एक घनमीटर ओला बर्फ चारपाचशे किलो भरतो आणि हवा आत खेळत नाही. सापडल्यावर आधी तोंड आणि छाती मोकळी करायची, नाकातोंडातला बर्फ काढायचा, श्वास नसेल तर लगेच कृत्रिम श्वास आणि सीपीआर. ग्रुपमधल्या किती जणांना सीपीआर येतो, हे नक्की विचारा.


मेधा_नौपाडा | १५ मार्च, रात्री ११:२०

सगळ्यांचं वाचून प्रश्न एका वहीत लिहिले आणि आज लीडरला घरीच चहाला बोलावलं. भाऊही होता. भांडायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. त्याला आधी अनघाताईंचा अनुभव वाचायला दिला. तो पूर्ण वाचून म्हणाला, काकू, आम्हालाही मागच्या वर्षी गाईड एकदा थांबा म्हणाला होता आणि आम्ही गेलो होतो. मला त्याचं हे सांगणं आवडलं.

मग विचारलं. पासच्या दिवशी किती वाजता निघणार? कागदावर पाच होतं. वर किती वाजेपर्यंत पोचलो नाही तर परत फिरायचं? असं काही ठरलेलंच नव्हतं. शेवटचा शब्द कोणाचा, लीडरचा की गाईडचा? शोधायचं सामान आहे का? शॉवेल (फावडं) एक, बाकी काही नाही. सीपीआर त्याला स्वतःला येतो. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेचं हिमस्खलनाचं बुलेटिन जिल्ह्याप्रमाणे निघतं, ते बघता का? त्याला माहीत होतं, पण बघत नव्हता. आठ दिवसांत कळवतो म्हणालाय.


ऐरोलीचा_भटक्या | १६ मार्च, सकाळी ७:४०

ताई, फार चांगलं केलंत. बुलेटिन जरूर बघायचं, पण ते अख्ख्या जिल्ह्यासाठी, ठराविक उंचीच्या वरचं असतं, तुमच्या समोरच्या नाळेचं नसतं. नाळेचं गाईडलाच कळतं.

माझ्याकडे दोन ट्रान्सीव्हर (सिग्नल सोडणारं आणि पकडणारं छोटं यंत्र), एक प्रोब (लांब सळई) आणि दोन शॉवेल आहेत. गाडला गेलेल्याच्या अंगावर चालू ट्रान्सीव्हर असेल तर दुसऱ्याने सिग्नल पकडत जवळ जायचं, प्रोबने टोचून नेमकी जागा काढायची आणि खणायचं. लेकीला आणि त्या मुलांना रविवारी दाखवू का? बर्फ नाही, पण तुमच्याकडे रिडेव्हलपमेंट चालू असेल तर रेती असेलच.


मेधा_नौपाडा | २३ मार्च, दुपारी १:०५

काल सकाळी साडेसहाला झालं. शेजारच्या बिल्डिंगचं काम चालू आहे, वॉचमनकाकांना विचारून रेतीचा ढीग घेतला, आदल्या रात्री पाणी मारून ठेवला होता. ट्रान्सीव्हर एका सॅकमध्ये घालून भावाने मीटरभर खोल पुरला. ग्रुपमधले नऊ जण आले होते, लीडरसकट.

सिग्नल तीन मिनिटांत सापडला, सगळ्यांना वाटलं झालं. खणायला लागले आणि तिथेच सगळा वेळ गेला. प्रत्येक जण वरून खड्डा करत होता आणि कडेची रेती परत आत येत होती. २६ मिनिटं. लेकीचे हात लाल झाले होते आणि ती डॉक्टरांचा आकडा मोठ्याने म्हणाली. मग ऐरोलीकरांनी दाखवलं, प्रोब काढायचा नाही, तसाच ठेवायचा, उताराच्या खालच्या बाजूने आडवं आत शिरायचं, पुढचा खणतो तेव्हा मागच्यांनी रेती मागे ओढत राहायची, मिनिटामिनिटाने पुढचा माणूस बदलायचा. दुसऱ्यांदा १७. तिसऱ्यांदा १२.


सीवूड्सची_अनघा | २३ मार्च, दुपारी २:३०

मी पण यायला हवं होतं. पुढच्या वेळी सांगा.


मेधा_नौपाडा | २४ मार्च, रात्री ९:५०

लीडरचा निरोप आला. पासच्या दिवशी निघायचं अडीचला. साडेनऊपर्यंत माथा आला नाही तर जिथे असू तिथून परत. रात्र ढगाळ गेली तर निघायचंच नाही, आणि थांबा म्हणायचा हक्क गाईडचा, त्यावर चर्चा नाही. त्यासाठी परतीची तिकिटं एक दिवस पुढची काढली. दोघांना सुट्टी मिळाली नाही, ते दुसऱ्या बॅचला जातायत. प्रत्येकी खर्च थोडा वाढला, कोणी कुरकुर केली नाही. नाळ एकेकाने ओलांडायची, बाकीच्यांनी खडकाच्या आडोशाला थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. दोन शॉवेल ऐरोलीकरांच्या जातायत, दोन नव्या घेतल्या. ट्रान्सीव्हर सगळ्यांना पुरतील एवढे मिळाले नाहीत, भाड्याने कुठे मिळतात ते बघतोय. कोणाला माहीत असेल तर कळवा.


पांडवकडा | २५ मार्च, सकाळी ७:३०

माझ्या मुलाचं नाव दुसऱ्या बॅचमध्ये घालता येईल का विचारून सांगाल? आणि अडीचला निघणार म्हणजे तीनेक तास अंधारात चाल आहे, हेडटॉर्चचे सेल तिकडच्या थंडीत फार लवकर उतरतात. जास्तीचे सेल सॅकमध्ये नको, जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाशी ठेवायला सांगा.